रोज चालते, तरी डोंगर चढवत नाही

सांगलीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ५४, शाळेत क्लार्क. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, साखर 'काठावर' आहे. सहा वर्षांपासून त्या आठवड्यातले सहा दिवस सकाळी आमराईत ४५ मिनिटं चालतात, दिवसभरात दहा हजार पावलं पूर्ण करतात. श्रावणात मैत्रिणींबरोबर दंडोबाचा डोंगर चढताना मात्र त्यांना तीनदा खाली बसावं लागलं. त्याच आठवड्यात भाचेसुनेच्या मंगळागौरीत जमिनीवरून उठताना चौरंगाचा आधार घ्यावा लागला, आणि सगळ्यांसमोर फार लाज वाटली. ईसीजी नॉर्मल आला. मिस्टर म्हणतात, आता वय झालं, झेपेल तेवढंच कर. पुण्याची मुलगी म्हणते, जिम लाव, फी मी भरते. जाऊबाई म्हणतात, या वयात वजनं उचललीस तर अंग (गर्भाशय) बाहेर येईल. घरी ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडून त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन घरात फिरतात. वाचक भगिनी विचारतात: "एवढं चालूनही असं का? अजून तासभर वाढवू, की हे आता असंच चालायचं?"

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "त्या पडल्यापासून न्हाणीघरात पाऊल टाकताना माझा हात आपोआप भिंतीकडे जातो." सगळं पत्र दम लागण्याबद्दल आहे, पण तुमची खरी भीती मला या वाक्यात दिसली. ती भीती रास्त आहे. तिच्यावर इलाजही आहे, आणि तो तासभर जास्त चालण्यापेक्षा वेगळा आहे.

पण आधी तब्येतीचं बघू. ईसीजी नॉर्मल आला म्हणून तुम्ही निर्धास्त झालात. आडवं झोपवून काढलेला ईसीजी विश्रांती घेणाऱ्या हृदयाबद्दल सांगतो. चढावर ताण पडला की काय होतं, ते त्यात दिसेलच असं नाही. पाळी गेल्यानंतर बायकांना हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि तो दर वेळी छातीत कळ घेऊनच येत नाही. नुसता दम लागतो, कधी न समजणारा थकवा येतो, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं, आणि घरात त्याला 'पित्त झालंय' म्हणून आल्याचा रस दिला जातो. तेव्हा डॉक्टरांकडे जाऊन मोघम 'दम लागतो' म्हणू नका. "सपाटीवर ४५ मिनिटं चालते, काही होत नाही. चढावर तीनदा बसावं लागलं. दोन वर्षांपूर्वी असं होत नव्हतं," असं नेमकं सांगा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर बघायला सांगा. स्ट्रेस टेस्ट किंवा टूडी इको लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. अंगात रक्त कमी असलं तरी चढावर असाच दम लागतो, आणि तसं असेल तर माझे सगळे व्यायाम त्यानंतरचे. रिपोर्ट हातात येईपर्यंत नेहमीसारखं आरामात चालत राहा. चालतानाच छातीत जड वाटलं तर मात्र थांबायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं.

रिपोर्ट बरे आले, असं धरून पुढचं लिहिते.

तुम्ही सहा वर्षं चालताय, पण कसं? तुम्हीच लिहिलंय: तीच आमराई, त्याच फेऱ्या, त्याच तिघी मैत्रिणी, आणि "गप्पांत वेळ कसा जातो कळत नाही." पहिल्या सहा महिन्यांत तुमचं शरीर या चालण्यानं नक्की सुधारलं असणार. त्यानंतर त्याला बदलायचं कारणच उरलं नाही. आपलं शरीर फार काटकसरी असतं. रोज जेवढं काम पडतं तेवढ्यापुरतीच ताकद ते बाळगतं. सांगली पडली सपाट. चढ तुमच्या पायांना वर्षातून एकदा भेटणार, तोही दंडोबाला.

दहा हजारांच्या आकड्याचंही एकदा सांगायला हवं. तो कुठल्या डॉक्टरांनी तपासणी करून काढलेला नाही. १९६५ मध्ये जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि पुढे जगभर त्याचा नियम झाला. तुमची पावलं वाया गेली असं मी मुळीच म्हणत नाही. रक्तदाब एका गोळीवर आणि साखर काठावर राहिली आहे, त्यात या चालण्याचा वाटा असणार. फक्त पावलं किती पडली एवढंच बघितलं, तर ती कशी पडली ते बघायचं राहून जातं.

१९५३ मध्ये लंडनमध्ये जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांच्या मानानं जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध दाखवणाऱ्या पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी तो एक. त्यातला जिना मला महत्त्वाचा वाटतो. चढताना हृदयाला जे काम पडतं ते आमराईच्या फेरीत पडत नाही.

म्हणून तुमच्या ४५ मिनिटांना हात न लावता त्यांचा पोत बदलू. जपानमधल्या मात्सुमोतो इथे मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांवर एक प्रयोग झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटानं मध्यम वेगानं सलग चालणं केलं. दुसऱ्या गटानं तीन मिनिटं झपाझप आणि तीन मिनिटं हळू, असं आलटून पालटून, आठवड्यातून किमान चार दिवस केलं. पाच महिन्यांनी दुसऱ्या गटाचा दमसास आणि मांड्यांची ताकद, दोन्ही पहिल्या गटापेक्षा जास्त वाढली, आणि रक्तदाबही जास्त उतरला. तुम्ही पहिली दहा मिनिटं नेहमीसारखं चाला. मग तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू. पहिले दोन आठवडे अशा दोनच जोड्या, तेही एक दिवसाआड. मग दर दोन आठवड्यांनी एक जोडी वाढवत पाचांवर या. शेवटची पाच मिनिटं सावकाश. चालणं एकदम थांबवायचं नाही.

जोरात म्हणजे किती? घड्याळातल्या नाडीच्या आकड्यामागे लागू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, त्यामुळे जास्तीत जास्त नाडी किती, याचा '२२० वजा वय' हा हिशेब तुम्हाला फसवेल. बोलून बघणं सोपं. जोराच्या तीन मिनिटांत एखादं छोटं वाक्य बोलता यावं, पण गप्पा जमू नयेत. अथर्वशीर्ष सलग म्हणता येत असेल तर तो वेग तुमच्यासाठी हळू आहे. दोन शब्दही निघत नसतील तर जास्त झाला. मैत्रिणींना आधी सांगून ठेवा. त्याही बरोबर आल्या तर उत्तमच, गप्पा हळूच्या तीन मिनिटांत होतील.

मिनिटांच्या हिशेबात तुम्ही कधीच पास झाला आहात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. तुमची २७० होतात. त्याच शिफारशीत पुढे लिहिलंय की आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायामही हवा. हा भाग बहुतेकांचा राहून जातो, तसा तुमचाही राहिलाय.

चौरंगाला हात लावावा लागला, तिथे तुमचा दम संपला नव्हता. मांड्या आणि नितंब यांचं बळ कमी पडलं. दंडोबालाही निम्मं तेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. मांडी अशक्त असली की प्रत्येक पायरी तिच्या कुवतीच्या टोकाला जाते, आणि हृदयाला तिच्यामागे धावावं लागतं. मांडी बळकट झाली की तीच पायरी हलकी होते आणि हृदयाचं ओझंही उतरतं. तिशी-पस्तिशीनंतर स्नायू थोडे थोडे उतरतच असतात, पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं हाडंही झपाट्यानं विरळ होतात. अशक्त पाय आणि ठिसूळ हाड यांची जोडी जमली की ओल्या फरशीवरचं एक घसरणं पुरतं. सासूबाईंच्या खुब्याची गोष्ट बहुधा त्या दिवशी सुरू झाली नाही. ती वीस-पंचवीस वर्षं आधी सुरू झाली असेल, जेव्हा त्या तुमच्या वयाच्या होत्या.

"घरकामात सगळा व्यायाम होतोच ना?" असंही तुम्ही विचारलंय. तुमच्या आजेसासूबाईंचा होत होता. जातं ओढायचं, विहिरीचं पाणी शेंदायचं, डोक्यावर हंडा, कडेवर कळशी, उकिडवं बसून चूल, उकिडवं बसूनच भांडी. यातलं आज काय उरलंय? ओटा कमरेइतका, नळ हाताशी, मिक्सर, वॉशिंग मशीन. मिळालेली ही सोय कुणी सोडावी असं मी म्हणणार नाही, त्या कष्टांनी बायकांच्या पाठी मोडल्या होत्या. पण आजच्या घरकामानं पाय दुखतात, त्यांत बळ येत नाही, हे लक्षात असू द्या.

आता मिस्टरांचं 'वय झालं'. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांच्या दमसासाचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं केलं होतं. मग त्यांनी सहा महिने बेताबेतानं व्यायाम वाढवला, आणि तीस वर्षांत गमावलेला दमसास परत मिळवला. माणसं पाचच, तीही सगळी पुरुष, म्हणून मी त्यावरून तुम्हाला विशीचं वचन देत नाही. पण 'वय झालं' म्हणून आपण जे वयाच्या खात्यावर टाकतो, त्यातलं बरंचसं बसून राहण्याच्या खात्यावरचं असतं. माझ्याकडे येणाऱ्या लोकांत मी हे रोज बघते.

जाऊबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. अंग बाहेर येण्याचा त्रास खरा आहे, आणि बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायका तो कुणाला न सांगता सोसतात. खोकताना, हसताना लघवी निसटते का? संध्याकाळी खाली जड, ओढल्यासारखं वाटतं का? तसं असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. तसं काही नसेल तर थोडं, हळूहळू वाढवत नेलेलं वजन घ्यायला हरकत नाही. त्रास होतो तो श्वास कोंडून, पोटावर जोर देऊन उचलल्यानं. त्यासाठी एक नियम पाठ करा: जोर लावताना श्वास बाहेर सोडायचा. उठताना फू करून उठायचं. रक्तदाबासाठीही हेच, कारण श्वास रोखून ताकद लावली की दाब एकदम वर उसळतो. बद्धकोष्ठ असेल तर त्याचाही इलाज करा, रोज सकाळचं कुंथणं त्या वजनांपेक्षा जास्त अपाय करतं.

सुरुवात खुर्चीपासून. लाकडी, सरळ पाठीची, चाकं नसलेली. प्लॅस्टिकची नको, ती सरकते. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. अर्ध्या बैठकीवर पुढे सरकून बसा, पावलं गुडघ्यांच्या जराशी मागे ओढून घ्या, हात छातीवर दुमडा. आता कमरेतून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येऊ द्या, श्वास सोडत उठा. खाली बसताना मनात चार अंक मोजत बसा. धपकन बसलात तर ती बैठक मोजायची नाही, कारण मांडीचा अर्धा व्यायाम त्या सावकाश उतरण्यात असतो. पहिल्या दिवशी ३० सेकंदांत अशा किती होतात ते मात्र नेहमीच्या वेगानं बघा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. साठ ते चौसष्ट वर्षांच्या बाईच्या १२ पेक्षा कमी झाल्या तर ते सरासरीहून कमी धरतात. तुम्ही तर अजून ५४ च्या आहात.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक ६३ वर्षांच्या बाई आल्या होत्या. पहिल्या दिवशी सात झाल्या, सातवीला हात मांडीवर आले. आम्ही खुर्चीवर जाड उशी टाकून उंची वाढवली आणि तिथून सुरुवात केली. महिन्यानं उशी काढली, दुसऱ्या महिन्यात हातात दोन किलोची पिशवी दिली. तीन महिन्यांनी चौदा झाल्या. त्यांना चौदाचं विशेष काही वाटलं नाही. "परवा देवापुढे पाटावर बसले आणि उठले, कुणाला हाक मारली नाही," हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

खुर्चीच्या जोडीला तीन गोष्टी घ्या. ओट्यावर तळहात टेकवून, पाय मागे नेऊन, छाती ओट्याकडे नेणं आणि परत येणं, हा आपला जोरच, उभ्यानं मारलेला. दुसरं, तांदळाची तीन किलोची पिशवी जमिनीवरून उचलणं: पाठ सरळ, कंबर मागे, गुडघे थोडे वाकवून, पिशवी पायांच्या अगदी जवळ. तिसरं, ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलणं. प्रत्येकाचे आठ ते बारा, मध्ये मिनिटभर थांबून दोन फेऱ्या. मंगळवार आणि शुक्रवार ठेवा, मध्ये स्नायूंना सावरायला निदान दोन दिवस मिळतात. शेवटचे दोन कष्टानं व्हायला हवेत. बाराही सहज होऊ लागले की तीनची पिशवी चारची करा. इथेच सगळे चुकतात: तीन किलो वर्षभर तीनच राहतात, आणि आमराईची गत इथेही होते.

दुसऱ्या दिवशी अंग आंबेल. ते अपेक्षित आहे, दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यात टोचणारी कळ, सूज, किंवा दुखण्यानं झोपमोड होणं हे वेगळं. तेव्हा थांबा आणि दाखवा. गुडघे थोडे कुरकुरत असतील तर खुर्ची उंच घ्या, सोडू नका. मांडी बळकट झाली की झिजलेल्या गुडघ्याचं दुखणंही बऱ्याचदा कमी होतं.

मुलगी जिमची फी भरतेय, तर मोडता घालू नका, फक्त लगेच जाऊ नका. आठ आठवडे घरी करा, शरीराला सवय लागू द्या. मग बायकांची सकाळची बॅच बघा. पहिल्याच दिवशी रक्तदाबाची चौकशी करणारा आणि हलक्यानं सुरू करणारा ट्रेनर मिळाला तर जिम घरापेक्षा चांगली, कारण वजन अर्ध्या-एक किलोनं वाढवता येतं आणि घरचा कंटाळा मध्ये येत नाही. ट्रेनरनं काही न विचारता उड्या मारायला लावल्या तर उठून या. योगवर्ग चालू असेल तर तोही ठेवा, सूर्यनमस्कारांनी खांदे आणि पाठ मोकळी होते. पण पायांच्या ताकदीसाठी मला आपल्या तालमीतल्या बैठका जास्त जवळच्या वाटतात. सांगली-कोल्हापूरकडे बैठका म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. फक्त त्या बायकांपर्यंत आल्या नाहीत. आता खुर्चीच्या आधारानं येऊ द्या.

खाण्याचं थोडक्यात. तुमचं वजन ६२ किलो आहे, तुम्हाला दिवसाला साधारण ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं लागतील (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच). वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात. दोन पोळ्या, भाजी आणि पातळ आमटी यांत हिशेब बसत नाही. दुपारी उसळ घट्ट घ्या, संध्याकाळी पिठलं किंवा अंडी, मधल्या वेळी मूठभर भाजलेले शेंगदाणे. श्रावणी सोमवारी साबुदाण्याबरोबर ताक आणि जास्तीचं दाण्याचं कूट. दंडोबाला जाताना पोटात काय होतं, तेही आठवून बघा.

मिस्टरांशी वाद घालू नका. त्यांना त्याच खुर्चीवर बसवा आणि ३० सेकंद लावा.

आणि सासूबाई. १९९० मध्ये बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या, ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला होता. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. सासूबाईंचं ऑपरेशन झालंय, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करायचं नाही. त्यांनी परवानगी दिली तर फिजिओथेरपिस्टकडून दोन-तीन गोष्टी नेमून घ्या. बहुतेक उंच पलंगावरून हातांचा आधार घेऊन उठणं-बसणं असेल, दिवसातून दोनदा, पाच-पाच वेळा, तुम्ही शेजारी उभ्या असताना. न्हाणीघरात आडवा दांडा आणि खाली रबरी मॅट मात्र याच आठवड्यात बसवून घ्या. त्यांच्यासाठी बसवाल, तुमचाही हात त्यावर जाईल. सध्या जाऊ दे.